पाथरवट आळीचं पाणी

दुपारचे दोन वाजले होते आणि माझी बायको पाथरवट आळीत, तायाक्काच्या घराच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून उभी होती.

"मालन, घरी चल," मी म्हणालो.

"थांबा जरा. हे बघा."

मी बघितलं नाही. माझं लक्ष दारात बसलेल्या बायांकडे होतं. त्या आळीत अकरा दिवस नळाला पाणी आलं नव्हतं, आणि नगरपालिकेत पाणी सोडणारा फिटर मी होतो. पहिले सात-आठ दिवस त्यांनी मला शिव्या दिल्या. आता त्या नुसत्या बघत होत्या. शिव्यांपेक्षा ते जास्त लागत होतं.

पाणी बाजारचौकातल्या वॉलपर्यंत पूर्ण जोरात येत होतं, आणि गळती सापडावी म्हणून तो वॉल मी दिवसभर उघडाच ठेवत होतो. तिथून चार इंची बिडाचा, ओतीव लोखंडाचा पाइप चढानं वर पाथरवट आळीत जायचा. वर मात्र थेंब नाही. म्हणजे मध्ये कुठंतरी गळती होती. पण गळती असली की रस्ता ओला होतो, खड्डा पडतो, काहीतरी दिसतं. इथं सगळं कोरडं. आम्ही तीन ठिकाणी खोदलं. तिन्ही ठिकाणी नुसता मुरूम आणि खाली काळा खडक लागला. पाइपसुद्धा सापडला नाही. नकाशात तर लाइन रस्त्याखालून सरळ दाखवलेली होती. मी नकाशा उलटा धरलाय का, असं चौथ्या दिवशी मला वाटायला लागलं.

आळीच्या नगरसेवकानं चौकात उभं राहून सांगितलं, की खरमाटे, म्हणजे मी, वॉल बंद ठेवतो आणि पाथरवटांचं पाणी स्टँडवरच्या लॉजला देतो. शुक्रवारी मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. ते म्हणाले, "सोमवारी सभा आहे. तोपर्यंत गळती दाखवा. नाही दाखवली तर मला तुम्हाला निलंबित करावं लागेल. माझा इलाज नाही."

अकरा वर्षं मी त्या गावाला पाणी सोडत होतो. चोर म्हणून घरी बसायची वेळ येईल, असं कधी मनात आलं नव्हतं.

तो शनिवार होता. मालन सकाळीच दोन हंडे घेऊन वर आली होती, आणि दुपारी दुसऱ्या खेपेला मी तिच्याबरोबर आलो होतो. अकरा दिवस ती हेच करत होती. आमच्या नळाचं पाणी डोक्यावरून त्या आळीत न्यायचं. आळीत चौदा घरं. मी तिला म्हणालो होतो, "चौदा घरांना तुझ्या दोन हंड्यांनी काय होणार?"

"दोन हंडे होतील," ती म्हणाली होती.

लग्न झाल्यावर पहिलं वर्ष आम्ही तायाक्काच्या पडवीत भाड्यानं राहिलो. तेव्हा तिथं नळ नव्हता, खालच्या विहिरीवरून पाणी आणायचं. मालनला रहाट ओढायची सवय नव्हती, हाताला फोड आले. फोड बरे होईपर्यंत महिनाभर तायाक्कानं स्वतःच्या हंड्यातलं पाणी आम्हाला दिलं. मी ते विसरून गेलो होतो. मालन विसरली नव्हती.

"अहो, बघा ना," ती पुन्हा म्हणाली.

मी बघितलं. भिंतीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी घर करत होती. मातीचं, बोराएवढं. आमच्याकडे प्रत्येक घरात असतं ते.

"बघितलं. चल आता."

"वरची माती काळी आहे. ओली आहे. आत्ता आणलेली आहे."

"बरं मग?"

"इथं अकरा दिवस पाणी नाही. सांडपाणी नाही, मोरी कोरडी, नाला आटलेला. मग हिला चिखल कुठं मिळतो?"

ही तिची सवय होती. जेवायला बसलो की ती रोज मला एक प्रश्न विचारायची. चढावर पाणी कसं चढतं? वॉल एकदम उघडला तर पाइप का धडधडतो? सगळ्यांत शेवटच्या घराला पाणी सोडलेलं किती वेळानं कळतं? मी म्हणायचो, जेवू दे. कासारीण आली तर तिला विचारायची, बांगडी फुटते ती कुठल्या बाजूनं. कल्हईवाल्याला विचारायची, नवसागर नसेल तर काय. विचारून झालं की त्यांना चहा. माझं म्हणणं, लोक चहासाठी उत्तरं देतात. तिचं म्हणणं, त्यांना दुसरं कुणी विचारतच नाही.

तायाक्का उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढं असेल. हातात छिन्नी धरून धरून तिची बोटं वाकडी झाली होती.

"खरमाटं," ती म्हणाली, "बायकोला सावलीत घ्या. माशीला पाण्याचा पत्ता इचारती म्हंजी ऊन लागलंय."

बाया हसल्या. अकरा दिवसांत मी त्या आळीत पहिल्यांदा हसू ऐकलं.

मालनही हसली, पण हलली नाही. माशी उडून गेली तशी ती तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायला लागली. माशी परत आली, पुढच्या पायांत मातीचा बारीक गोळा धरून. "एकशे दहा," मालन म्हणाली. माशी पुन्हा गेली. या वेळी एकशे सोळा झाले.

"लांब जात नाही," ती म्हणाली. "आक्का, तुम्ही त्या लिंबाखाली उभ्या राहा. ही इथून त्या बाजूला जाते."

"मी माशीला राखण बसू?"

"बसा ना आक्का. नाहीतर दुसरं काय काम आहे तुम्हाला? भांडी घासायला पाणी तरी आहे का?"

तायाक्का उठली. कंबर धरून, काहीतरी पुटपुटत ती लिंबाखाली गेली. मालननं तिची सून वळणावर उभी केली. आणखी एक बाई बंद पडलेल्या तेलघाण्याच्या भिंतीपाशी उभी केली. बाकीच्या न सांगता उठल्या. मी हातात लोखंडी सळई घेऊन मध्येच उभा होतो, आणि कुणी बघत तर नाही ना, म्हणून रस्त्याकडे बघत होतो.

"गेली," मालन म्हणाली.

"आली, आली. हितनं गेली," लिंबाखालून तायाक्का म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"मला नाही दिसली," सून म्हणाली.

"डोळं हायत का भोकं? परत बघ आता."

तीनदा माशी हरवली. चौथ्या वेळी वळणावरून आवाज आला, पाचव्या वेळी घाण्याच्या भिंतीपासून. "भिंतीवरनं पलीकडं गेली," ती बाई म्हणाली. तिनं बोट वर केलं होतं आणि ते खाली घ्यायला ती विसरली होती.

घाण्याच्या मागं जायला पडकी वाट होती. मालन पुढं, तिच्यामागं तायाक्का, मग मी, मग सगळ्या आळीच्या बाया. मागं एक जुनं दगडी गटार होतं, वर फरशा टाकून झाकलेलं. तेलघाणा चालू होता तेव्हाचं. फरशांवर बोटभर धूळ. एका ठिकाणी फरशी फुटली होती, आणि तिच्या फटीच्या कडेला पंजाएवढी जागा ओली होती.

पंजाएवढीच. तिच्यावर सात-आठ कुंभारणी बसल्या होत्या. मधमाश्या होत्या. दोन पिवळी फुलपाखरं पंख मिटून बसली होती. आम्ही गेलो तशी एक चिमणी उडाली आणि समोरच्या भिंतीवर बसून आम्ही जायची वाट बघायला लागली.

मी गावभर अकरा दिवस सळई घेऊन हिंडलो होतो, आणि एवढ्या सगळ्यांना जागा माहीत होती.

तरी मी म्हणालो, "लाइन इथं नाही. लाइन रस्त्याखाली आहे. हे तिच्यापासून चाळीस फूट लांब आहे. हे कुठलंतरी झिरपणारं पाणी असेल."

"रस्त्याखाली?" तायाक्का म्हणाली. "कुणी सांगितलं?"

"नकाशात आहे."

"त्या रस्त्याखाली काळा खडक हाय. लाइन टाकताना माझ्या सासऱ्यानं तिथं छिन्नी लावलीया. तीन दिसांत ईतभर निघाला न्हाई. मग ठेकेदारानं लाइन हिकडनं, घाण्याच्या मागनं नेली. आमीच उकरलंय हितं."

मी तिच्याकडे वळलो. "मग आक्का, इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं?"

ती रागानं बोलली नाही. आज वार कुठला, असं विचारल्यावर सांगावं, तसं बोलली.

मी आळीतून मागवलेल्या पहारीनं फरशीशेजारची जमीन उकरली आणि सळई आत दाबत गेलो. हातभर खोल गेल्यावर टोक बिडाला लागलं. त्याचा आवाज वेगळा असतो, हाताला कळतो. मी गुडघे टेकले आणि सळईच्या दुसऱ्या टोकाला कान लावला. मला हे काम आमचे जुने फिटर इब्राहिमचाचांनी शिकवलं होतं. पाइपात पाणी नुसतं जात असेल तर घुमल्यासारखं ऐकू येतं, गळत असेल तर बारीक फसफस येते. मी ऐकलं. मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले. दुसरं काही नाही. सोमवार डोक्यात होता, त्यातून काही आत येत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मला ऐकू द्या," मालन म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

ती खाली बसली. पदर खोचला, कान सळईला लावला आणि डोळे मिटले. मी तिला घरात रोज बघत होतो. चुलीपाशी, नळापाशी, देवापाशी. असं कधी बघितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ती सगळी कानात गेली होती. वरून ऊन ओतत होतं. कुणीतरी तिच्या डोक्यावर आपला पदर धरला.

किती वेळ गेला मला माहीत नाही.

"खालच्या बाजूला सरका," ती डोळे न उघडता म्हणाली. "चार पावलं."

मी चार पावलांवर सळई दाबली. तिनं ऐकलं. "अजून दोन." मी दोन पावलं सरकलो. तिनं कान लावला, आणि तिच्या ओठांचे कोपरे हलले.

"बारीक वाळू चाळावी तसं," ती म्हणाली. "चाळणीतून. थांबतच नाही."

मी तिच्या जागी कान लावला. मला ऐकू आलं. आता इतकं स्पष्ट होतं की आधी कसं आलं नाही, हेच कळेना. अकरा दिवसांचं सगळं पाणी तिथं पडत होतं आणि जुन्या गटारातून सरळ खाली नाल्याच्या वाळूत जात होतं. वर फक्त पंजाएवढा ओलावा येत होता. मी मान वर केली तेव्हा मालन माझ्याकडे बघत होती. मी फक्त मान हलवली.

संध्याकाळपर्यंत इब्राहिमचाचा आणि तीन माणसं आली, खोदलं, सांध्याची कॉलर फुटलेली निघाली. रविवारी सकाळी पाथरवट आळीत पाणी आलं. मी वर गेलो नाही. चौकातला वॉल धरून उभा होतो. वरून हंड्यांचे आवाज येत होते, ते मी ऐकले.

सोमवारची सभा झाली. निलंबनाच्या जागी माझा सत्कार ठरला. ज्या नगरसेवकानं मला चोर म्हटलं होतं, त्यानंच माझ्या खांद्यावर शाल टाकली. मुख्याधिकारी म्हणाले, "खरमाटे, नकाशात नसलेली लाइन तुम्ही शोधली. कशी सापडली, सांगा ना सगळ्यांना."

मी उभा राहिलो. समोर पन्नासएक माणसं होती. सगळे पुरुष. मी मनात वाक्य जुळवलं. माझी बायको माशीच्या मागं गेली. ते वाक्य मला तिथं बोलता येईना. हसतील, असं वाटलं. खरमाटे बायकोला घेऊन पाणी शोधतो, असं चौकात वर्षभर चाललं असतं.

"सळईनं ऐकलं साहेब," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. टाळ्या वाजल्या.

त्या दिवशी दिलेलं प्रशस्तिपत्र अजून आहे. मालन जाऊन आता सात महिने झाले. ती गेल्यावर मुलीनं घर आवरलं, तेव्हा ट्रंकेत ते सापडलं. तिनं ते चौकटीत घालून आपल्या आईच्या फोटोशेजारी लावलं. भेटायला येणारे ते वाचतात आणि म्हणतात, काका, मोठं काम केलंत तुम्ही. मी हे लिहायला बसलो ते त्यामुळं. मला त्या फोटोसमोर ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.

त्या सोमवारी मी घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. मालन दारात तांदूळ निवडत होती. तिनं शाल बघितली, हात पुसून तिचा काठ चिमटीत धरून बघितला.

"चांगली आहे. काय म्हणाले?"

"नोकरी राहिली."

"ते ठीक झालं. पण काय विचारलं?"

"कसं सापडलं, विचारलं."

"मग?"

मी चपला काढायला लागलो. चपला काढायला फार वेळ लागत नाही.

ती परत तांदळापाशी बसली. म्हणाली, "मला वाटलं होतं, आक्कांचं तरी नाव घ्याल. त्यांनी खडकाचं सांगितलं नसतं तर तुम्ही तिथं सळई लावली नसती."

स्वतःचं नाव तिनं काढलंच नाही. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी खाली बसून सुपातले खडे निवडायला हात घातला. तिनं सूप थोडं आपल्याकडे ओढलं.

तेवढ्यात गल्लीत बायकांचा आवाज आला. बघितलं तर तायाक्का पुढं होती आणि तिच्यामागं पाथरवट आळी. चौदा घरांच्या बाया, प्रत्येकीच्या हातात तांब्या नाहीतर कळशी. गल्लीतली दारं उघडली. समोरचे गुरव मास्तर बाहेर आले. आमच्याच ऑफिसातला एक कारकून शेजारी राहायचा, तो पान चघळत येऊन उभा राहिला.

मी शाल सारखी केली आणि पुढं झालो. "या आक्का. कशाला एवढं? माझं कामच आहे ते."

तायाक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शाल झ्याक हाय," ती म्हणाली. "जरा बाजूला व्हा खरमाटं. आमाला तुमच्याकडं काम न्हाई."

मी बाजूला झालो.

"मालन, भाईर ये. काल नळाला पयलं पाणी आलं, ते कुणी पिलं न्हाई. चौदा घरांनी तांब्या तांब्या काढून ठेवलंय. तुझ्या पायावर घालायचंय."

मालन घाबरलीच. "अहो आक्का, नको. अकरा दिवसांनी आलेलं पाणी आणि पायावर कसलं घालता? वाया जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं?" ती आत गेली आणि मोठी परात घेऊन आली. परात अंगणात ठेवली, पातळ घोट्याच्या वर धरलं आणि परातीत उभी राहिली. "आता घाला. मग हे मी झाडांना घालीन."

बाया हसल्या, आणि हसता हसता एकीनं डोळ्याला पदर लावला. तायाक्कानं पहिला तांब्या ओतला. वाकड्या बोटांनी मालनचे पाय चोळून धुतले. मग वाकून त्या पायांवर डोकं ठेवायला लागली. मालननं तिला वरच्या वर धरलं. "आक्का, तुम्ही मला पाणी दिलंय. तुम्ही असं नाही करायचं."

"ते एक हंडा हुतं," तायाक्का म्हणाली.

"तेव्हा मला तेवढंच लागत होतं."

एकेक बाई पुढं येत होती. नुसता पाण्याचा आवाज. गुरव मास्तर हात जोडून उभे होते, त्यांना कारण माहीत नव्हतं तरी. कारकुनानं विचारलं, "खरमाटे, हे काय चाललंय?"

मी म्हणालो, "गळती हिनं शोधली."

"काय?"

"मी नाही शोधली. हिनं शोधली. माझ्या कानाला काही आलं नव्हतं. हिनं ऐकलं. आणि लाइन कुठं आहे, ते या आक्कांनी सांगितलं."

मी ते मोठ्यानं बोललो. गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातही मी हेच सांगितलं. साहेब हसले, लोक हसले, चौकात वर्षभर चाललंही. पण ते नंतर. तेव्हा मालननं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

तायाक्काच्या हातात शेवटची कळशी राहिली होती. तिनं ती मालनच्या पायावर घातली नाही. माझ्यापुढं धरली.

"घ्या," ती म्हणाली.

आमच्याकडे बायको नवऱ्याच्या पायावर पाणी घालते. उलटं मी कधी बघितलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. गल्ली बघत होती. मी कळशी घेतली. परातीपाशी उकिडवा बसलो. तिचे पाय मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. टाचांना भेगा होत्या, आणि अकरा दिवसांच्या चढउतारानं एका अंगठ्याचं नख काळं झालं होतं. तेही मला तेव्हाच दिसलं.

पुढं एकवीस वर्षं मी त्या गावाला पाणी सोडलं. रोज सकाळी वॉल उघडायचो. पण पाणी मी स्वतः कुणाला तरी दिलं, असं मला त्या एकाच वेळी वाटलं.

मी कळशी तिरपी केली.

"हळू," मालन म्हणाली. "परातीबाहेर चाललंय."